गॅसच्या नळीची हिरवी तार

सोमवार, १२ डिसेंबर १९९४

नंदा, आजी सांगते ते लिहिण्याआधी वहीत तारीख टाकलीस का? काल इसरलीस. शाळा तू शिकलीस अन् ध्यानात मी ठेवायचं!

आज डोकं लई फिरलंय. आठ दिवसांपासून तुझी काकू सांगून राह्यली, गोबरगॅसच्या शेगडीला हात लावला की झिणझिण्या येतात. काका तुझा गावभर लाइटीची फिटिंग करतो. तो म्हणे, "वहम हाय तिचा." आज ओल्या हातानं शेगडी पुसायला गेली अन् भिंतीवर आपटली. पोटुशी बाई! बरी हाय, पण शेगडीजवळ जायला तयार न्हाई.

मी मेन बंद करून नळीमागं पाहिलं. पाण्याच्या मोटरीची अर्थिंगची हिरवी तार गॅसच्या लोखंडी नळीला गुंडाळलेली! मोटर बिघडली अन् करंट शेगडीत आला.

काकाला इचारलं, तर म्हणे, "आई, अर्थिंगसाठी खड्डा कोण खणत बसणार?"

लोकांच्या घरी मीठ-कोळसा घालून खड्डा, अन् सोताच्या घरी ती हिरवी तार! बायकोचं ऐकलं न्हाई त्यानं. मी तरी कुठं ऐकलं? तेच जास्त सलतं.

खड्डा होईस्तोवर शेगडी बंद. काकूला चुलीवरची गरम भाकर अन् दूध दे. काकाच्या डब्यात उद्या कच्चं पीठ अन् मीठ पाठव. मीठ जास्त टाक, खड्ड्याला लागतं.