त्यास वडिलांची हरकत नाही

बाबा,

आज एका मुलीचा अर्ज भरला. भरला म्हणजे तिनेच भरला, मी शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी तिच्यावर खेकसत होते. कला शाखेत पदवीला शिकणाऱ्या मुलांना उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत एखादा विषय घेऊन स्वतः शोध घेता यावा म्हणून एक संस्था पैसे देते, त्याचा हा अर्ज. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. तुमच्या वेळी मुदत टळली तरी तुम्ही बाबूसाहेबांना हात जोडून खिडकीतून कागद आत सरकवायचात. आता खिडकी संगणकात असते, पाचच्या ठोक्याला बंद होते आणि हात जोडावे तर पलीकडे माणूसच नसतो. तुम्हाला हे अजिबात आवडलं नसतं. "अशी कशी बंद होते व? माणूस आहे ना इथं उभा!" असं म्हणाला असतात.

मी अमरावतीला एका कॉलेजात इतिहास शिकवते. ही नोकरी तुम्ही गेल्यावर लागली, त्यामुळं तुम्ही मला फळ्यासमोर कधी पाहिलंच नाही. तुम्ही अकोल्याला तहसीलसमोरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून जन्मभर लोकांचे अर्ज टाइप केलेत, आणि मी दर वर्षी मार्चमध्ये मुलांना अर्ज कसा लिहावा ते शिकवते. धंदा तोच, डोक्यावर पंखा आला एवढंच. कार्यशाळा म्हणतात त्याला. शंभरेक मुलं दाटीवाटीनं बसलेली असतात, निम्मी पेंगत असतात, आणि त्यांना जागं करायला माझ्याकडे एक हुकमी गोष्ट आहे. ती तुमची आहे. मी सांगते, की मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना असाच एक अर्ज केला होता, आणि माझे वडील अर्जनवीस, त्यांनी तो टाइप करून दिला. पण त्या भल्या माणसानं संशोधनाचा अर्ज लिहिला तो थेट रेशनकार्डाच्या अर्जासारखा. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार विनंतीपूर्वक सादर करते की.' मुलं इथंच हसायला लागतात. मग मी म्हणते, शेवटी त्यांनी आमच्या घरचं रडगाणंही जोडलं, आणि अर्ज आपटला. तेव्हा बाबांनो, प्रश्न लिहा, घरची परिस्थिती लिहू नका. पुन्हा हशा. गोष्ट छान रंगते. अकरा-बारा वर्षं सांगत आले आहे.

आजची मुलगी बाळापूरकडची, फुलं पिकवणाऱ्या घरातली. अंगानं काटकुळी, पण बोलायला लागली की समोरच्यानं गप्पच बसावं. तिचा विषय ऐकाल तर खूश व्हाल. तिला वावरांची नावं गोळा करायची आहेत. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो, पण गावात प्रत्येक वावराला नाव आहे. वाघाचं वावर, भांडणाचं वावर, सवतीचं वावर. "मॅडम, सवतीचं वावर सारेच म्हणतात, पण कोनाची सवत ते कोनालेच नाही माहीत. जे म्हातारे सांगू शकत होते ते चालले एक एक करून," ती मला पहिल्या दिवशी म्हणाली. मी म्हटलं, हाच तुझा प्रश्न, हेच लिही. तिनं लिहिलंही इतकं नेटकं, की मला एक शब्द हलवावा लागला नाही. कोणत्या आठ गावांत जाणार, कोणाला भेटणार, उत्तर नाही सापडलं तर काय करणार, सगळं. एवढी वर्षं अर्ज वाचते आहे, पण हिला पैसे मिळालेच पाहिजेत असं मला आतून वाटत होतं. मिळाले तर तिला दोन महिने गावोगाव हिंडता येणार, नाही तर तिचा उन्हाळा दर वर्षीसारखाच फुलांत जाणार, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आणखी किती म्हातारे राहतील कोण जाणे.

चार वाजून गेले तेव्हा ती म्हणाली, झालं मॅडम, पाठवू का? मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिलं तर शेवटची चौकट कोरी. वर प्रश्न छापलेला: 'हा निधी मिळाला नाही तर तुमच्या उन्हाळ्यावर काय परिणाम होईल?' मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "ते मुद्दामच सोडलं." मी ओरडलेच. काहून सोडलं? त्याला गुण आहेत, बयो! तर ती माझ्याकडे अशी पाहायला लागली जणू मीच बावळट आहे. "तुमीच त सांगतलं ना मॅडम, कार्यशाळेत. घरचं रडगानं गायाचं नाही. तुमच्या बाबानं गायलं अन् तुमचा अर्ज गेला."

 पंखा गरगरत होता, घड्याळात सव्वाचार झाले होते, आणि मला तहसीलच्या आवारातलं तुमचं टेबल दिसायला लागलं.

बीएचं दुसरं वर्ष, मी वसतिगृहातून दोन दिवसांसाठी अकोल्याला आले आहे. बडनेऱ्याला गाडीत जागा मिळाली नाही म्हणून उभ्यानंच प्रवास झालाय, आणि पिशवीत पुण्याच्या एका ट्रस्टचा कागद आहे. मी हातानं लिहिलेला मसुदा तुमच्यापुढं ठेवते. भाजीबाजारात विकणारे ज्या हाळ्या देतात त्या मला उन्हाळाभर ऐकून उतरवून घ्यायच्या आहेत. तुम्ही चष्मा कपाळावर चढवता, उतरवता, पुन्हा वाचता. "अन् हे ओरडनं आयकाचे पैसे देते? पुन्याच्या लोकायले कामधंदे नाहीत काय व?" मग शेजारच्या टेबलावरच्या काकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "माही पोरगी बजारातल्या बोंबा लेहून घेनार हाय!" मी चिडते. तुम्ही हसता, नवा कोरा कार्बन काढता, जो तुम्ही जमिनीच्या कामाशिवाय कधी काढत नव्हता, आणि तीन प्रती टाइप करता. एकही खाडाखोड नाही. बाळापूरहून आलेला एक शेतकरी फेरफाराच्या अर्जासाठी ताटकळत उभा आहे, त्याला तुम्ही "थांबा जरासे, कॉलेजाचं काम हाय" असं सांगता. ते सांगताना तुमची मान किती ताठ झाली होती ते मला आज दिसतं, तेव्हा दिसलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी ते कागद वाचले. मसुद्याच्या खाली, मला न विचारता, तुम्ही चार ओळी घातल्या होत्या. मला पाठ आहेत त्या. 'अर्जदार ही दर उन्हाळ्यात वडिलांचे टेबलावर मदतीस बसते. वडिलांचे नजरेस हल्ली कमी दिसत असल्याने मसुदा तीच वाचून दाखविते. सदर निधी मंजूर झाल्यास ती दोन महिने मदतीस राहणार नाही. त्यास वडिलांची हरकत नाही.' बस, एवढंच. ह्यात रडगाणं कुठं होतं? पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुण्याची माणसं हे वाचणार, झाडाखालच्या टायपिस्टची पोरगी म्हणणार, कीव करणार. मला विद्वान व्हायचं होतं ना! दुसऱ्या दिवशी कॉलेजजवळच्या टायपिंग क्लासात तासाभरासाठी मशीन भाड्यानं घेऊन मी तो अर्ज पुन्हा टाइप केला. तुमचं 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' आणि तुमच्या चार ओळी गाळून. तुमच्या तिन्ही प्रती तिथल्याच टोपलीत टाकल्या आणि माझा कागद पोस्टात घातला.

नकाराचं कार्ड अकोल्याच्या पत्त्यावर आलं आणि ते आधी तुमच्या हातात पडलं. मी सुट्टीत घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसला होता. तुम्ही ताटाकडे बघतच विचारलंत, "माह्या त्या चार ओळीनं गेलं काय व?" मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण खरं सांगितलं तर गाळल्याचं सांगावं लागणार, आणि वर राग तर नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, "नाही तर काय! कोणी सांगितलं होतं तुम्हाला घरचं गाऱ्हाणं घालायला?" आई म्हणाली, असं बोलतात का व बापाला. तुम्ही तिला हातानं थांबवलंत. "राहू दे. चुकलंच बाप्पा माहं." आणि पुढचा घास घेतलात. त्याच सुट्टीत मी टेबलाशी मदतीला बसले होते, तर एक बाई मुलीच्या वसतिगृहाच्या अर्जासाठी आली. तुम्ही तिला म्हणालात, "शिक्षनाचं मी नाही लेहत बाई. एकडाव माह्या हातानं पोरीचं नुसकान झालं. पलीकडच्या टेबलावर जा." मी शेजारीच कागदात कार्बन घालत होते. मान वर केली नाही. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर शिक्षणाचा एकही अर्ज तुम्ही टाइप केला नाही.

हे सगळं डोक्यात घोळायला दोन मिनिटंही लागली नसतील. पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी तिला विचारलं, ते तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचात तसंच. बरं, नाही भेटले पैसे, त काय करशीन? "काय करीन, मोगरा तोडीन. लग्नाची सराई रायते. पहाटे चौघं लागलो तवा सकाळच्या गाडीले फुलं पोचते. मी नसली त माह्या वाटनीच्या ओळी आईले पडते." घरचे पाठवतील का मग? "बाबा म्हनते जाय तू, आमी पाहून घेऊ." मी म्हटलं, हेच्या हेच लिही. एक शब्द वाढवू नको, एक कमी करू नको. तिला पटेना. "मॅडम, ते कीव करतीन." मी म्हटलं, करू दे. खरं आहे की नाही? खरं आहे म्हणाली. मग लिही, आणि चटकन हात चालव.

तिनं लिहिलं. पाचला आठ मिनिटं कमी असताना बटण दाबलं, ते गोल चक्र फिरत राहिलं, माझा जीव टांगणीला, आणि मग एकदाचं अर्ज पोचल्याची अक्षरं आली. निकाल महिन्याभरानं आहे. काय लागेल ते सांगता येत नाही, दर वर्षी चांगले चांगले अर्ज मागं येतात. पण ह्या वेळी काही गाळून पाठवलेलं नाही, एवढं तरी मी बघितलं.

तिनं दप्तर आवरलं, पाण्याची बाटली घेतली आणि दारात थांबून म्हणाली, "पन मॅडम, मंग तुमचा अर्ज कावून गेला होता?" मी तिला सांगितलं. खुर्चीत बसल्या बसल्या, हातातल्या पेनशी चाळा करत, टोपलीपासून ताटापर्यंत सगळं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. वाटलं होतं ती 'जाऊ द्या मॅडम' म्हणेल. आपल्या वऱ्हाडातली पोर ती, असं कशाला म्हणेल? उभी राहून ऐकलं आणि सरळ विचारलं, "तुमच्या बाबाले मालूम पडलं होतं का मंग?"

नाही म्हटलं. ती येते मॅडम म्हणून गेली, तिची शेवटची एसटी होती. मी दिवे बंद न करता तिथंच बसून हे लिहायला घेतलं. कुठं टाकायचं आहे म्हणून नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर तुमच्या सेवेशी सादर करायचं राहून गेलं होतं.

बाबा, तुमच्या हातानं माझं काही नुकसान झालं नाही. त्या पाकिटात तुमचं एक अक्षर नव्हतं. नामंजूर झाला तो माझा एकटीचा अर्ज. हे मला त्या दिवशी, ताटावर बसलेल्या तुम्हाला, एका वाक्यात सांगता आलं असतं. आणि कार्यशाळेतली ती गोष्ट मी इतकी वर्षं मुलांच्या भल्यासाठी सांगत नव्हते. ती सांगितली की पोरं हसायची, आणि मला बरं वाटायचं.