बाराव्या कपाटाची किल्ली

निपाणी,
४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आत्यास,
जयवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी घडलेलं क्रमानं लिहिते, मग मनातलं.

पहिली गोष्ट. आमच्या जिमखान्याचा नियम मी तुम्हाला सांगायला नको. या महाविद्यालयात नोकरीला असताना तो तुम्हीच केलात. जुलैअखेर महिला विभागाच्या पटावर बारा मुलींच्या स्वतःच्या सह्या नसतील, तर वर्षभर खेळखोलीला कुलूप आणि मैदानावरचा आमचा चार ते पाचचा तास क्रिकेटच्या मुलांना. दुसरी. सव्वीस जुलैपर्यंत आम्ही खो-खोच्या बाराजणी होतो. तिसरी. सत्तावीसला राणीचे वडील आले आणि तिला लोंढ्याला घेऊन गेले. तिचं लग्न ठरलं. जाताना तिनं आपल्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. चौथी. एकतीसला क्रीडा संचालक रविराज सर पट टेबलावर ठेवून बैठकीला गेले. मी राणीला फोन लावला. ती म्हणाली की तूच कर गं माझी सही, मी न्हाय तर न्हाय, माझं नाव तरी मैदानात ऱ्हाऊ दे. पाचवी. मी सही केली.

क्रम संपला. आता मनातलं.

खेळखोलीत काय आहे म्हणाल, तर एक पाय विटेवर ठेवलेलं टेबल-टेनिसचं टेबल, सोंगट्या कमी असलेला कॅरम आणि ओळीनं बारा कपाटं. पण त्या एका तासात आम्ही मोठ्यानं ओरडतो, आत्या. घरात, बसमध्ये, वर्गात आम्हाला कुणी ओरडू देत नाही. तो तास गेला, तर यातल्या निम्म्याजणी उद्या घरी बसतील. माझंही तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजातनं तुझ्या नावानं एक बोलावणं आलं की पुस्तकं मिटायची, असं आप्पांनी मला इथं सोडतानाच बजावलंय. आणि मला तर बी.पी.एड. करून एक दिवस रविराज सरांच्या खुर्चीत बसायचंय. (तुमचं नाव निघालं की सर अजूनही तोंडातली शिट्टी काढून हातात धरतात!)

पहिल्या वर्षाला दिपाली नावाची एक मुलगी आलीय. पायांत वारं आहे तिच्या. तिच्या आईचं मन वळलं की पंधरा ऑगस्टपर्यंत ती सही करेल. मग बारा खऱ्या होतील आणि मी स्वतः सरांसमोर उभी राहून सगळं सांगेन. तोवर हे फक्त तुम्हाला ठाऊक. मी चुकले का, हे विचारत नाही, चुकलेच. पुढं काय करू, तेवढं लिहा.

आहे तशी माया राहू द्यावी, एवढंच मागते.

आपली,
जयवंता

*

टिळकवाडी, बेळगाव,
७ ऑगस्ट २०२५

चि. जयवंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आजवरच्या तुझ्या पत्रांत हे सर्वांत निर्दोष आहे. एकही घटना जागा सोडून आलेली नाही आणि एकाही वाक्यात तू स्वतःला पाठीशी घातलेलं नाहीस. अक्षर मात्र अजून उजवीकडं कलतं. पाठलाग करणाऱ्या खेळाडूसारखं कागदावरही पुढं झुकण्याची गरज नसते.

आता उत्तर. परक्याच्या नावापुढं सही करणं हे असत्य आहे; संमतीनं केलं तरी. ते पंधरा दिवस चालवून मग कबूल करणं हे पंधरा दिवसांचं असत्य आहे. तो नियम मी केला. माझ्याच भाचीसाठी मी डोळे मिटले, तर एकवीस वर्षं ज्या मुलींना मी त्या नियमानं परत पाठवलं, त्यांना काय तोंड दाखवू? म्हणून मी आजच प्राचार्यांना लिहिलं आहे. वेगळं निवेदन करण्याऐवजी तुझं मूळ पत्रच सोबत जोडलं. त्याहून नेमकी मांडणी मला करता आली नसती. माझ्याकडं छायाप्रत ठेवली आहे.

घाबरू नकोस. इतक्या सरळ कबुलीनंतर समज देण्यापलीकडं कोणताही सुजाण माणूस काही करणार नाही. दिपालीची सही झाली की पट आपोआप शुद्ध होईल. सराव थांबवू नकोस. दूध घेत जा. तुझ्या आप्पांना, बसवंताला, मी काही कळवत नाही. तो उगाच डोक्यात राख घालतो.

पत्रातला हा सरळपणा जन्मभर टिकव, म्हणजे माझे आशीर्वाद कारणी लागले असं समजेन.

तुझी आत्या,
भाग्यलक्ष्मी

*

येळ्ळूर,
१९ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास बसवंताचा नमस्कार.

तुझ्यासारखं मला लिवायला येत न्हाय. घडलं ते सांगतो.

गुरुवारी कॉलेजातनं बोलावणं आलं. मी रानातली भांगलण टाकून गेलतो. पोरीनं काय केलंय ते मला ठाऊक न्हवतं, आणि तुला ठाऊक हुतं. आत प्राचार्य साहेब, रविराज सर, एक कारकून, आणि जयवंता भिंतीला लागून उभी. पत्र मराठीत, साहेबास्नी मराठी येत न्हाय. म्हणून कारकुनानं एक एक ओळ वाचायची आणि कन्नडात सांगायची. तिनं तुला लिवलेलं, आक्का. तुला. राणीचं बोलणं, मी घातलेली अट, समदं दोन-दोन डाव वाचलं. बी.पी.एड.चं आलं तवा बाहेरचा शिपाई हसला. पोरगी रडली न्हाय. रडली असती तर बरं हुतं.

विभाग वरीसभर बंद आणि हिला खेळाला तीन वरसं बंदी. सर म्हणत हुते, की दिपाली का कोण, त्या पोरीची आई सकाळीच व्हय म्हणालीया, सही करायला ती दारात उभी हाय. साहेब म्हणाले, आता उशीर झाला.

मी शब्दाचा पक्का हाय, तुझाच भाऊ. तिची ट्रंक त्याच दिवशी घेऊन आलो. बस सुटताना त्या दिपालीसकट अकरा पोरी खिडकीखाली उभ्या हुत्या.

आता ती रानात येती, घरात राबती, जेव म्हटलं तर जेवती. बोलत न्हाय. तुझी चार वरसांची पत्रं तिनं चुलीपाशी नेऊन ठेवली हुती; तिच्या आईनं ती काढून माझ्याकडं दिली. तू फोन का केली न्हायीस गं मला? एक फोन. मी वरडलो असतो, मारलं बी असतं एखादं, पण पोरगी आपल्या घरातल्या घरात शरमली असती.

तिच्या पिशवीत ही किल्ली घावली. कॉलेजची हाय. तूच परत कर.

राग मानू नगस, मी बी आता मानायचा न्हाय म्हणतोय.

तुझा,
बसवंत

*

टिळकवाडी, बेळगाव,
२ ऑक्टोबर २०२५

चि. जयवंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींची उत्तरं आली नाहीत. तरीही घडलेलं क्रमानं लिहिते. मला दुसरी रीत येत नाही.

पंचवीस सप्टेंबरला मी निपाणीला गेले. प्राचार्य उठून उभे राहिले, चहा मागवला. तुझी बंदी उठवावी आणि विभाग पुन्हा उघडावा, अशी मी विनंती केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला केली. त्यांनी अत्यंत आदरानं नियमावली माझ्यापुढं ठेवली. सहावं कलम, माझ्या हस्ताक्षरात: एकदा बंद झालेला विभाग त्या वर्षी कोणत्याही कारणास्तव उघडू नये. तोंडी कानावर आलं असतं, तर मुलीला बोलावून चार शब्द सुनावले असते आणि सोडून दिलं असतं, असं ते म्हणाले. पण कागद आला, त्याच्यावर आवक क्रमांक पडला, आणि आवक क्रमांक पडलेल्या कागदावर कारवाई करावीच लागते. हेही कलम माझंच निघालं.

नंतर मी जुनं इतिवृत्त काढायला लावलं. बारा हा आकडा मी कोणत्या विचारानं घातला, ते मला पाहायचं होतं. खो-खोच्या संघावरून घातला, असं मी इतकी वर्षं सर्वांना सांगत आले. इतिवृत्तात एकच ओळ आहे: कपाटं बारा मिळाली असल्यानं सभासद किमान बारा असावेत. त्या वर्षी सुतारानं दहा कपाटं करून दिली असती, तर आज तू मैदानावर असतीस.

खेळखोलीत आता परीक्षेचे जुने बाक रचले आहेत. टेबल-टेनिसचं टेबल त्यांच्याखाली आहे. तुमच्या तासाला मैदानावर क्रिकेट चालू होतं. पायऱ्यांवर दोनच मुली बसल्या होत्या. उरलेल्या घरी गेल्या, असं रविराजनं सांगितलं. निम्म्या जातील असं तू लिहिलं होतंस; तुझा अंदाजही मर्यादशीर होता. रविराजनं वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं न पाहता निघून गेला. त्या दोघींतली एक दिपाली होती. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला बसायला जागा दिली, आणि जयवंताअक्का कधी येणार, हे ठाऊक आहे का, असं विचारलं. मी उठून कार्यालयाकडं निघाले.

आता शेवटची घटना. बसवंतानं पाठवलेली राणीच्या कपाटाची किल्ली परत करण्यासाठी मी सोबत नेली होती. कार्यालयातल्या माणसानं यादी पाहून विचारलं की बारावी किल्ली कुठं आहे. माझ्या पर्समध्ये होती. मी म्हणाले, मला माहीत नाही. किल्ली इथं माझ्या टेबलावर आहे. संस्थेची वस्तू मी ठेवून घेतली आणि खोटं बोलले, कोणाच्याही संमतीवाचून. तू केलंस त्यात अकराजणींचं भलं होतं. माझ्या करण्यात कुणाचंच नाही. त्या दारात उभी असताना मला एवढंच कळत होतं, की तुझ्या हातातली एवढी एक गोष्ट तरी मी त्यांना द्यायची नाही.

तुझं पत्र मला होतं, हे मला बसवंताच्या ‘तुला’ या एका शब्दानं समजलं. विद्यापीठाच्या दोन पदव्या आणि एक प्रबंध असलेल्या बाईला सातवी शिकलेल्या भावानं ते शिकवलं. यावर अधिक लिहिलं, तर ते समर्थन होईल.

हे पत्र हवं तर तू प्राचार्यांना पाठव. मूळ प्रत पाठव. मी छायाप्रत ठेवलेली नाही. तो तुझा अधिकार आहे आणि मी कारण विचारणार नाही.

सोबत पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड आहे. फोनवर बसवंतानं तू बरी आहेस असं सांगितलं, तर ते मी धरणार नाही. उत्तर मला लेखी हवं आहे आणि तुझ्या हातचं हवं आहे. क्रम नको. अक्षर कुठंही कलू दे. शिवी लिहायची असेल तर तेवढीच लिही. ती माझ्याखेरीज कुणी वाचणार नाही.

दिवाळीपर्यंत वाट पाहीन, असं लिहून खोडलं. वाट पाहीन. उत्तर दे.

आत्या