पुसलेला दोर

पवनी, १४ नोव्हेंबर २०२५

चि. खुशबू हिस,
भोजराजकाकाचे आशीर्वाद.

घटना क्रमाने लिहितो. त्याच क्रमाने वाच. तू कर्णधार होण्यापूर्वी महिला कबड्डी लीगच्या जाहिरातींत खेळाडू नसत, नट्या असत. खेळाडूंनाच, त्यांच्याच गावी दाखवावे, अशी अट तू घातलीस आणि लीगने ती निमूट मान्य केली. यंदा आपल्या आसगावच्या तलावात तुझी जाहिरात झाली. तू बुडी मारतेस, दम धरून तळ गाठतेस आणि मुठीत गाळ घेऊन वर येतेस. चित्रीकरणाच्या वेळी तुझ्या कमरेला दोर होता. त्याचे टोक काठावर तुझ्या वडिलांच्या, बुधरामच्या, हाती होते. जाहिरातीत तो दोर नाही. तो संगणकावर पुसण्यात आला.

गेल्या रविवारी गावातल्या देवाजींची टीना, शाळेच्या कबड्डी संघातली, मैत्रिणींना काठावर आकडे मोजायला उभे करून त्याच तलावात उतरली. आकडा वाढत गेला तशा मुली टाळ्या वाजवत राहिल्या. अखेर बुधरामनेच तिला वर काढले. मुठीत गाळ होता, अंगात श्वास नव्हता.

आपण ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. दोराशिवाय लेकराला खोल पाण्यात सोडायचे नसते, हे आपल्या घरात कुणी शिकवत नाही; ते माहीतच असते. देवाजी धान पिकवणारे. त्यांच्या लेकीने जे पाहिले, तेच खरे मानले. ती जाहिरात तत्काळ बंद करव.

तुझा हितचिंतक व म्हणूनच कठोर,
भोजराज


पुणे, २१ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप काकाजींस,
खुशबूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मैदानावर गेली नाही. कोचले ताप आहे म्हणून सांगितलं.

दोर दिसू द्या, असं मी जाहिरात कंपनीवाल्यायले म्हटलं होतं. ते म्हणाले, दोर दिसला का हिंमत दिसत नाही. मंग मी चूप बसली. तुम्ही रागावून राहिले, पण हेच जाहिरात तुम्ही कॉलेजात पडद्यावर दाखवली होती. तवा तुमाले फक्त त्यातलं शुद्धलेखन खटकलं. दोर कुठं गेला, तुम्हीबी नाही विचारलं जी.

आता बंद करा म्हटलं तर मले बाहेर बसवतीन. माह्या एकटीचं असतं तर मी घरी आली असती. पण पोरीयचे सामने टीव्हीवर दिसते ते या जाहिरातीपायीच. त्यायचं काय करू?

कंपनीवाले म्हणते, आसगावात टीनाच्या नावानं कबड्डीचा हॉल बांधू अन् तिच्यावर नवी फिल्म काढू. जुनी तशीच चालू राहीन. देवाजीमामा हो म्हणाले पाहिजे. तुमचा शब्द ते मोडत नाही. तुम्ही जाऊन याल का? अन् बाबा माह्याशी फोनवर काहून बोलत नाही, तेही सांगा.

माया कमी करू नका,
तुमची खुशबू


पवनी, ३० नोव्हेंबर

चि. खुशबू हिस,
आशीर्वाद.

शुद्धलेखनाचा टोला मला लागला. तो लागायलाच हवा होता. त्याने तुझी सुटका होत नाही.

तू सांगितलेस म्हणून देवाजींकडे गेलो. अंगणात मळणी थांबलेली होती. हॉल आणि नवी फिल्म, दोन्ही शक्य तितक्या स्वच्छ शब्दांत मांडले.  मग त्यांनी एवढेच विचारले, की त्या फिल्ममंदी माही पोरगी पान्यातून वर येईन का जी. चाळीस वर्षे शिकवणारा मी पायताण घालून निघालो.  त्यांनी होकार दिला नाही आणि मी पुन्हा मागणार नाही.

बुधराम तुझ्यावर रुसलेला नाही. त्याने तलावावर जाणे सोडले आहे, जाळे शेजाऱ्याला देऊन टाकले आहे. तुझा आवाज ऐकला की रडू येईल म्हणून तो फोन घेत नाही.

इतर मुलींचा तुझा मुद्दा खरा आहे, म्हणूनच अधिक वाईट आहे. परंतु ज्या लीगने तुझ्या एका वाक्यावर नट्या घरी पाठवल्या, ती तुझ्या दुसऱ्या वाक्याने बुडणार नाही. तू नवी जाहिरात माग. त्यात दोर दिसू दे आणि तो धरणारा तुझा बापही दिसू दे. जुनी त्याच दिवशी बंद व्हावी. हिंमत कशी दिसते, हे आज या देशात त्या कंपनीपेक्षा तू ठरवतेस. परवा शाळेतल्या दोन मुली त्याच काठावर पुन्हा मोजताना सापडल्या.

माझी माया या उत्तरावर अवलंबून नाही; माझा आदर मात्र आहे. तू हे करणार की नाही? फोन करू नकोस, मी तो उचलणार नाही. उत्तर लेखी पाठव.

भोजराज