बेटावरचे बावीस दरवाजे

दादा,

"न शिकलेला सुतार काय दिवे लावणार?" असं तू म्हणालास आणि मी अकरा वर्षं तुझ्याशी बोललो नाही. आज बेटावरच्या या दीडशे वर्षांच्या हॉटेलात मी चक्क पाहुणा आहे! इथले बावीस जुने दरवाजे मी दुरुस्त केले, एकही नवा खिळा न ठोकता, म्हणून मालकीणबाईंनी बोलावलंय.

स्पामध्ये मालिशवाली म्हणाली, "काका, अंग सैल सोडा की!" कसं सोडणार? माझे कान दाराकडे. ते मिटलं, जराही कुरकुरलं नाही. मी पडल्यापडल्याच ओरडलो, "वा रे पठ्ठ्या!" तिला वाटलं, शाबासकी तिलाच.

पण तू पाहिल्याशिवाय मला चैन नाही. पत्र पोहोचायला चार दिवस लागतील आणि खोली परवापर्यंतच आहे. तेव्हा हे राहू दे. उद्या सात दहाच्या बोटीने मीच तुला न्यायला येतो.

तुझा हट्टी धाकटा