पिकअप कोणती घ्यावी आणि कांता कधी येईल

ठाकुर्ली (पूर्व),
रविवार, दुपार

आदरणीय प्रेमदादा,

सप्रेम जय भीम. इकडे मी बरा आहे, म्हणजे जेवतो आहे (काय जेवतो ते विचारू नका). तिकडे घोटीला आपली, मायावहिनींची, मुलांची, आणि गेल्या पंधरवड्यापासून आपल्याकडे मुक्काम ठोकून असलेल्या आपल्या धाकट्या बहिणीची, म्हणजे माझ्या पत्नीची, तब्येत कशी आहे? तिचं गुडघ्याला लावायचं तेल इथेच राहिलंय. रागाने निघालेला माणूस तेल घेऊन निघत नाही. हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही फोन उचलता, "हं दाजी, बोला" म्हणता आणि लगेच तो कांताच्या हातात देता. ती माझा नुसता श्वास ऐकून कट करते. म्हणून हा कागद.

आधी तुमचं काम. भात आणि टोमॅटो वाहायला पिकअप घ्यायची आहे, तर कोणती घेऊ, असं तुम्ही आमचं भांडण व्हायच्या आधी विचारलं होतंत. अगदी योग्य माणसाला विचारलंत. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस आमच्याकडे एक तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर सकाळी बागेत हात वर करून हसायला जातो. मी पिकअप घेतली. धंदा चांगला चालतो. पलीकडच्या दिवा गावात पाणी येत नाही म्हणून माणसं टिटवाळ्याला राहायला जातात, टिटवाळ्याहून कामाला जाणं लांब पडतं म्हणून परत दिव्याला येतात, आणि दोन्ही वेळा कपाट माझ्याच गाडीत असतं. काही कपाटं तर मला आता नावानिशी ओळखतात.

तर तुलना. आमच्या नाक्यावर सगळ्या जातीच्या गाड्या उभ्या असतात आणि मी प्रत्येकीत बसून पाहिलंय. छोटा हत्ती घेतलात तर तो कुठल्याही बोळात शिरतो. मी बसलो तेव्हा माझे गुडघे हनुवटीला टेकले (दोष हत्तीचा नाही, आमच्या घराण्याच्या तंगड्यांचा). दोस्त नावाची गाडी आहे तीही भक्कम, फक्त घरी सांगताना जपून सांगा. मी कांताला फोनवर "संध्याकाळी दोस्ताला घेऊन येतो, बघून घे" एवढंच म्हणालो, तर तिने चार भाकऱ्या जास्त थापल्या, ठेचा वाटला आणि गाडीतून कोण उतरतंय म्हणून दारात उभी राहिली. कोणीच उतरलं नाही तेव्हा तिने मलाच विचारलं, की दोस्त बिल्डिंग विसरला का? बोलेरो उंच आणि रुबाबदार. कांता स्टूल लावून चढली, पण मग खाली राहिलेल्या स्टुलाला वर कोणी घ्यायचं, यावर आमचा अर्धा तास गेला. आणि नाक्यावर "पिकअप कशी आहे?" असं कोणी विचारलं तर आधी नीट खुलासा करून घ्या, कारण निम्मे लोक गाडीबद्दल विचारतात आणि निम्मे ती वेग कसा घेते त्याबद्दल. मी एकाला दहा मिनिटं भलतंच उत्तर दिलेलं आहे. शेवटी मी कोणती घेतली ते तुम्ही पाहिलंच आहे (पांढरी).

पण दादा, पुढे जाताना सगळ्या गाड्या सारख्याच असतात. गाडीचा आणि मालकाचा खरा कस लागतो तो मागे घेताना. मी मुलांना जन्मभर मागे बघायला शिकवलं, आणि आरशात पाहिलं की मला डावं-उजवं कळत नाही. म्हणून कांता शेजारी बसायची आणि ओरडायची, "अहो, मागे बघा! अहो, खांब! बघा म्हणते ना!" त्या आवाजावर मी दिव्यातली एकेक गल्ली सर केली आहे. पण तिचा गुडघा दुखायला लागला. रोज तिला चढ-उतर करायला लावणं मला बरं वाटेना. (हे तिला आवर्जून सांगा. माझा हेतू चांगला होता, हे कोणी लक्षातच घेत नाही.) म्हणून मी एकदा मोबाईलवर तिचं ओरडणं गुपचूप टिपून घेतलं आणि सुमितकडे गेलो. सुमित म्हणजे माझा जुना विद्यार्थी, डोंबिवलीत गाड्यांचे हॉर्न बसवून देतो. रिव्हर्सला लोक गाण्याची धून लावतात ना, त्या जागी त्याने कांताचा आवाज बसवला. "सर, टेन्शन नका घेऊ. एकदम काकी बाजूला बसल्यासारखं वाटेल," असं म्हणाला.

आणि वाटलं! गिअर मागे टाकला की आतून "अहो, मागे बघा!" आणि परिसरातले सगळे विवाहित पुरुष एकदम मागे बघायचे. एका गृहस्थाने तर हातातली पिशवी खाली ठेवून "चुकलं" असं म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. एवढं गुणकारी यंत्र कुठल्याच कंपनीच्या गाडीला येत नाही.

घात असा झाला, की सुमितला ते माझ्याहून जास्त आवडलं. त्याने ते येईल त्या गिऱ्हाइकाला फुकट टाकून दिलं. कांता कल्याणच्या बाजारात मेथी घेत होती, आणि समोरून कांद्याचा टेम्पो तिच्याच आवाजात मागे आला. ती बाजूला झाली तर तिकडून नारळाचा. मागून गाद्यांचा. तिन्ही टेम्पो "अहो, अहो" करत तिच्यावर चाल करून आले. तिने नारळवाल्याला तो आवाज बंद करायला सांगितलं, तर तो म्हणतो, "ताई, तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतोय." ती मेथी तिथेच टाकून घरी आली आणि मला एकच वाक्य बोलली. "जन्मात एकाच माणसाला अहो म्हटलं होतं मी, आता बाजारातला प्रत्येक टेम्पोवाला माझा अहो झाला?" दादा, ती बॅग भरत होती आणि मी दारात मेथीबद्दल काहीतरी बोलत होतो.

त्याच दिवशी मी माझ्या गाडीतला आवाज काढून टाकला. तेव्हापासून मी फक्त पुढे जातो. नाक्यावरून घरी यायला मला कल्याणला वळसा घालावा लागतो. दिव्याच्या एका गल्लीत परवा सामान उतरवलं, तिथे समोर भिंत आहे, त्यामुळे गाडी अजून तिथेच आहे. बाकीच्या ड्रायव्हरांना मी हात जोडून सांगितलं, की काढा रे तो आवाज. ते म्हणतात, "नाय सर. काकी आल्यापासून गाडीला एक पण ओरखडा नाय." काकी आल्यापासून! माझ्याकडून गेली आणि यांच्याकडे आली.

घरात भयंकर शांतता आहे. खांब आहे, पायरी आहे, दूध उतू जातंय, हे कोणी सांगत नाही. मला तिची फार आठवण येते, हे तुम्हाला लिहिताना संकोच वाटतो, पण आता कोणाला लिहू? संध्याकाळी मी चहाच्या निमित्ताने नाक्यावर जाऊन बसतो. कोणीतरी गाडी मागे घेतो, तिचा आवाज येतो, आणि मी कप ठेवून उभा राहतो. लोक हसतात. हसू देत.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना खाऊ माझ्या नावाने तुम्हीच द्या.

आपला,
चांगदेव

ता. क. : गाडीबद्दल नक्की मत द्यायचं राहिलं. हत्ती, दोस्त, बोलेरो, कोणतीही घ्या. ज्या गाडीत कांता बसायला तयार होईल ती सगळ्यात चांगली. पहिली फेरी भाताची न करता तिला घेऊन ठाकुर्लीची करा. स्टूल मी खाली घेऊन उभा राहतो.

ता. क. २ : तिला सांगा, तिची तक्रार मी मिटवली आहे. सुमितला बसवून सगळ्या गाड्यांमधला आवाज बदलून घेतला. तिचं "अहो, मागे बघा" झालं की लगेच माझ्या आवाजात उत्तर येतं. त्यामुळे ते अहो कोणाला आहे, याबद्दल आता दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंत कोणाच्याही मनात शंका उरलेली नाही.

ता. क. ३ : (हे मनात वाचा.) उत्तर बोलताना मी जरा गहिवरलो होतो, आणि "बघतोय गं कांता, तू नीट बस" असं तिच्या नावासकट बोलून गेलो. आता नारळवाला तिला नावाने ओळखतो. हे तिला एवढ्यात सांगू नका. कसारा घाटाची उतरण लागली की सांगा. तिथे एकेरी वाहतूक आहे, गाडी कोणालाच मागे घेता येत नाही.