खोबऱ्याच्या शेडमधलं वाचनालय

३ मे, सोमवार
झालं एकदाचं! खोबऱ्याच्या शेडचं वाचनालय झालं. राजधानीतून, सुवाहून, बोटीनं एकशे बारा पुस्तकं आली. फळ्या आम्हा बायकांनीच ठोकल्या. वास जात नाही — न जाईना!
इलाइसाचं तोंड वाकडं. गावचा प्रमुख असेल, पण माझा आतेभाऊ. थट्टेचा हक्कच आहे मला. म्हणाला, "पुस्तकं काय कसाव्याबरोबर उकडून खायची?" म्हटलं, "बघा उकडून, प्रमुखसाहेब. डोक्यात काही शिजत नाही, भांड्यात तरी शिजेल!"

४ मे
दिवसभर रांग. "वासेमाथा, केरेकेरे — हे दे ना." दिलं. नात्यातल्यानं केरेकेरे म्हणून मागितलं की नाही म्हणायचं नसतं. आणि गावात नात्यातला नाही असा कोण आहे? शेवटी उरलं डुकरांच्या आजारांचं. तेही शेजारच्या लितियानानं नेलं. काय फुगलेय मी आज!

१७ मे
एकही परत नाही. येईल कसं? केरेकेरेनं दिलेलं परत मागायचं नसतं, मागणारीचीच लाज जाते. हे आधी सुचायला नको, म्हातारे? माझा नवरा आपेनिसा आज असता तर हसून लोळला असता. मग फळ्यांना रंधा मारत बसला असता.
इलाइसा दारात आला. "भिंती वाचतेस काय गं? रविवारपर्यंत फळ्या भरल्या नाहीत, तर सोमवारी इथं खोबरं."
मी फडकं घेतलं नि रिकाम्या फळ्या पुसल्या.

२० मे
सुचलं! परत मागायचं नाही ना? मग नव्यानं मागायचं! लितियानाच्या ओट्यावर जाऊन बसले. "केरेकेरे बाई, ते डुकरांचं पुस्तक मला दे."
"भवाने! तुझंच ना ते?"
"माझं कुठलं? तुझंच. म्हणून तर मागतेय!"
नाही कशी म्हणेल? पुस्तक दिलं, वर रताळी दिली.

२२ मे
घरोघर फिरले. पाय सुजलेत. पण एकशे अकरा पुस्तकं फळीवर! एकाला पोराच्या दातांचे ठसे, एकाला माशांचा वास. राहिलं एकच — होड्या बांधायचं. ते म्हणे नंतर इलाइसाच्या बायकोनं मागून नेलंय. बायकोनं! तिला होडीत बसलं तरी ओकारी येते.

२३ मे, रविवार
चर्चमधून थेट इलाइसाकडे. पुस्तक त्याच्याच मांडीवर उघडं! म्हटलं, "केरेकेरे, प्रमुखसाहेब."
"नाही."
साठ वर्षांत या गावात मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.
"वीस पानं राहिलीत. शुक्रवारी आणून देतो. वाचनालय उघडं ठेव."