सातव्या प्रश्नाचं उत्तर

अण्णा,

मी सुप्याला जातोय, उद्या दुपारी परत येईन. तुम्ही न जेवता रानात गेलात, म्हणून ही चिठ्ठी तुमच्या ताटाखाली ठेवतोय.

काल मी सरावाला दिलेल्या कोनांच्या दहाही प्रश्नांची तुम्ही नुसती उत्तरं लिहिलीत, रीत एकाचीही नाही. माझी पेटी उघडी दिसली, आणि उत्तरांचा कागद तिच्यातच होता. धाकटा असून मी विचारलं, "पेटी कुणी उघडली?" तुम्ही म्हणालात, "व्हय, मी चोर हाय, तू साहेब!"

संशय जाईना, म्हणून सकाळी एकेक उत्तर पडताळलं. सातव्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या, पायाचा कोन सत्तर अंश. वरचा चाळीसच यायला हवा. माझ्या कागदावरही चाळीसच आहे. तुम्ही लिहिलंत अडतीस. कोनमापक लावला, तर माझी आकृतीच वाकडी निघाली: कोन अडतीसच! बाकीच्या आकृत्या नीट होत्या, म्हणून तुमची उत्तरं जुळली. पेटीतून तुम्ही कोनमापक घेतलात, उत्तरं नाही.

बेळगावच्या मोजणीदाराच्या परीक्षेत मात्र छापील आकृतीवर भरवसा ठेवू नका. दिलेल्या मापांनी कागदाच्या कडेला स्वतः काढा, मग खुशाल मोजा. रानात जमीन मोजण्याआधी तुम्ही साखळी तपासताच की.

काल तुमच्यावर आळ घेण्याआधी मी तेवढंही केलं नाही.

वहिनींनी भाकरी झाकून ठेवलीय. कोनमापक आता तुमच्याकडेच राहू द्या.

परशू